विकत मिळतो की!

भाऊबीजेला सगळे आमच्याकडे जमले होते. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि भाचेकंपनी हॉलच्या मधोमध मांडलेल्या कॅरम बोर्डाभोवती बसली. बोर्ड मी केलेला. म्हणजे आणलेला नव्हे, केलेला. आत्या सोफ्यावरून थोडा वेळ बघत होती. मग म्हणाली, "अगं, सहा महिने खपलीस म्हणे यावर. विकत मिळतो की!"

मी हसले. त्यावर धाकटे काका म्हणाले, "दिवसभर लोकांचे हिशोब तपासणारी बाई आणि घरी येऊन सुतारकी? लोक काय म्हणतील?" सगळे हसले. मीही हसले. चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी एकामागून एक उत्तरं सुचत गेली, इतकी की चहा उतू गेला. भांडणातली उत्तरं मला नेहमी ओट्यापाशीच सुचतात. तेव्हा आत्या, काका आणि बाकी जे कोणी हसलात ते सगळे, ही ती उत्तरं. इतर वाचकांनी घरचं भांडण समजून सोडून दिलं तरी चालेल, पण तुमच्याही घरात एखादी आत्या असेलच.

आधी "विकत मिळतो" याबद्दल.

मिळतो ना. तीन वर्षांपूर्वी मीच आणला होता की. "मुलांसाठी" म्हणून जो मिळतो तो. पातळ प्लाय, त्यावर छापील वर्तुळं, कडेला चार पट्ट्या ठोकलेल्या. पहिल्या पावसाळ्यात त्याचं पोट खाली गेलं. सोंगटी कुठूनही मारा, ती फिरून मधे. स्ट्रायकर समोरच्या पट्टीवर आपटला की तिथेच मरायचा, परत यायचं नाव नाही. आठ दिवसांत मुलं कंटाळली आणि मोबाईलवर गेली. मग आपण सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला की हल्लीच्या मुलांना असले खेळ आवडत नाहीत! खेळ मुलांना मिळालाच कुठे होता? मिळालं होतं ते खेळाचं चित्र.

कॅरम हा मोजून-मापून केलेला खेळ आहे. १९८८ साली चेन्नईत आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. त्यांच्या नियमांत खेळायचा पृष्ठभाग साडेत्र्याहत्तर ते चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचा चौरस, प्लाय निदान ८ मिलिमीटर जाड. भोक ४.४५ सें.मी.चं आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३चा. म्हणजे मोकळीक फक्त तीन मिलिमीटर. आणि सगळ्यात आवडलेला नियम हा, की १५ ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर जोरकस खेळाडूने मारला तर त्याने या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत निदान साडेतीन फेऱ्या मारल्या पाहिजेत. बोर्ड चांगला की वाईट हे ठरवायला यापेक्षा सरळ परीक्षा कुठली? आमच्या विकतच्या बोर्डावर तो स्ट्रायकर एक फेरीसुद्धा धड पुरी करत नव्हता.

चांगला बोर्डही बाजारात मिळतो, हे मला ठाऊक आहे. ज्याला खेळायचंय त्याने तो जरूर घ्यावा. विकत घेण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या "की"शी. "विकत मिळतो की" मधल्या त्या एका अक्षरात असं गृहीत धरलेलं असतं की जे विकत मिळतं ते हाताने करणारा माणूस एकतर गरीब असतो किंवा खुळा.

आता सहा महिने कशात गेले ते सांगते. हिशोबनीस आहे, हिशोब दिल्याशिवाय राहवत नाही.

मे महिन्यात माळा साफ करताना अण्णांच्या जुन्या पलंगाचे भाग निघाले. अण्णा म्हणजे माझे आजोबा. पलंग अस्सल सागवानी. त्याच्याखाली एक लोखंडी पेटी होती, तिच्यात रंधा, दोन पटाश्या, गिरमिट, गुण्या आणि दात गेलेली करवत. मला वाटलं, झालं, याच फळ्या जोडून बोर्ड करू. सागवानासारखं लाकूड नाही म्हणतात. चार फळ्या कडेला कड लावून फेविकॉलने चिकटवल्या, घासल्या, इतक्या सुंदर दिसत होत्या की फोटो काढले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि माझी सुंदर फळी पुरीसारखी फुगली. लाकूड पावसात लांबीला फारसं वाढत नाही, पण रुंदीला वाढतं, हे मला तेव्हा कळलं. प्लायमध्ये पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात ते याचसाठी. एका थराला फुगायचं असलं की शेजारचा त्याला धरून ठेवतो. नियमात प्लाय म्हटलंय ते काही काटकसर म्हणून नव्हे.

मग वखारीतून १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणला. खालून आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी चिकटवली, म्हणजे पोट खाली जायला नको. पलंगाच्या सागवानाची चौकट केली, साडेसहा सेंटिमीटर रुंद, पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटर वर. चौकट जोडून दोन्ही कर्ण मोजले. चौऱ्याहत्तरच्या चौरसाचा कर्ण १०४.६ यायला हवा. एक आला १०४.६, दुसरा १०५.१. पाच मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, चौकट चौकोनीच वाटत होती. पण कॅरममध्ये रिबाउंड मारून सोंगटी काढायची असते, आणि कोपरा काटकोनात नसेल तर कितीही नेम धरा, सोंगटी आपली दुसरीकडेच जाणार. एक सांधा खोलला, पटाशीने तासला, पुन्हा चिकटवला, पुन्हा मोजलं. दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

भोकांसाठी ४४ मिलिमीटरचं होल सॉ आणलं. पहिलं भोक रद्दी तुकड्यावर पाडून बघितलं. खालच्या बाजूने प्लायच्या चिरफळ्या उडाल्या. मग कळलं की अर्धं वरून आणि अर्धं खालून पाडायचं. रेघा शाईने मारल्या. ४७ सेंटिमीटरच्या बेस लाईन, चौकटीपासून १०.१५ सेंटिमीटरवर, टोकाला ३.१८ची वर्तुळं. त्यावर लाखेचं पॉलिश, दर हातानंतर पॉलिश पेपर. सगळा खर्च, फुगलेली फळी धरून, सहा हजार आठशे. माझ्या वेळेचे पैसे धरले तर हा आपल्या खानदानातला सगळ्यात महाग कॅरम बोर्ड ठरावा.

आणि साडेतीन फेऱ्यांचं काय? अडीच. माझा बोर्ड नियमात नापास आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे काकांना शोधून काढायचा त्रास नको.

आता मूळ मुद्दा. "सुतारकी".

काका, तुमचा मुलगा अमेरिकेत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने गॅरेजमध्ये एक बाक बनवला. फॅमिली ग्रुपवर फोटो आले, डोळ्यांवर चष्मा, अंगात ॲप्रन, हातात करवत. आपण सगळ्यांनी बदाम पाठवले. तुम्ही लिहिलंत, "काय छंद जोपासलाय!" मीही लिहिलं होतं. बाक खरंच छान होता. पण त्याने केलं तर वुडवर्किंग आणि मी केलं तर सुतारकी, हे कसं काय? लाकूड तेच, करवत तीच. शनिवार-रविवारी शहरातल्या माणसांना पाट आणि चमचे कोरायला शिकवणाऱ्या कार्यशाळा निघाल्यात, लोक भरपूर फी भरून जातात आणि आल्यावर बोटाला लागलेल्या पट्टीचा फोटो टाकतात. त्याच लोकांच्या घरात स्वयंपाकघराचं काम करणारा सुतार दुपारी जिन्यात बसून डबा खातो. काम तेच, पण इंग्रजी नाव लागलं की प्रतिष्ठित, मराठी नाव लागलं की हलकं.

आणि आपल्या घरात हे जास्त झोंबतं, कारण आपण सुतारच आहोत. हे वाक्य मी पहिल्यांदाच असं लिहिते आहे. आत्या रागावणार, माहीत आहे. बारा बलुतेदारांतले सुतार. अण्णा राजापूर तालुक्यातून मुंबईला आले आणि गिरगावातल्या एका फर्निचरच्या दुकानात रोजंदारीवर राबले. आपल्या सगळ्यांच्या लग्नाच्या माहितीपत्रकात काय छापलं होतं? "आजोबांचा फर्निचरचा व्यवसाय." माझ्याही होतं. जणू अण्णा गल्ल्यावर बसून पावत्या फाडत होते! आत्या, तुझ्याबरोबर सासरी गेलेलं कपाट अण्णांनी केलेलं. पन्नास वर्षांनीसुद्धा त्याची दारं पावसाळ्यात अडकत नाहीत, हे तूच येईल-जाईल त्याला सांगतेस. कोणी केलं हे मात्र सांगत नाहीस.

इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, नाहीतर हा नुसता आक्रस्ताळेपणा होईल. अण्णांनी ते काम निवडलेलं नव्हतं. ते जन्माने त्यांच्या गळ्यात पडलं होतं. गावात बलुतं म्हणजे वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि सुगीला मिळेल तेवढं धान्य पदरात घ्यायचं. बाबांनी आणि काकांनी रात्रीच्या दिव्यात अभ्यास करून त्यातून सुटका करून घेतली, तो पराक्रमच होता. "माझ्या मुलीच्या हातात रंधा नको" असं बाबांना वाटलं, त्यात त्यांचं काहीही चुकलं नाही. ज्याच्यावर काम लादलेलं असतं त्याला त्यातला आनंद शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे, आणि मी हौसेने रंधा मारू शकते कारण माझा पगार एक तारखेला जमा होतो.

पण काम सोडणं वेगळं आणि काम लपवणं वेगळं. सोडलं ते बरोबर केलंत. लपवलंत तेव्हा मात्र ज्यांनी आपल्याला कमी लेखलं त्यांचंच म्हणणं तुम्ही मान्य केलंत. हाताने काम करणारा खालचा, हे त्यांचं मत आपण इतकं मनापासून उचललं की आता आपणच ते भाचरांना शिकवतो आहोत, तेही भाऊबीजेला, हसत हसत.

यातलं मुलांपर्यंत काय पोचतं बघा. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. त्याची आमच्या वेळेपर्यंत उरलेली खूण म्हणजे "कार्यानुभव" नावाचा तास, आणि तो तास आमच्या शाळेत गणिताचा राहिलेला धडा पुरा करायला वापरत. आता तर त्याहून सोपं झालंय. धाकट्या भाच्याचं पवनचक्कीचं "प्रोजेक्ट" स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलं होतं. त्याला चांगले मार्क मिळाले. पवनचक्की मुलाने केली नाही, आईने केली नाही, कुणीतरी अनोळखी हातांनी दहा-वीस एकदम केल्या असणार. मुलगा काय शिकला? विकत मिळते की!

आणि "लोक काय म्हणतील" म्हणाल तर, काकांना कॅरमसुद्धा चाळीतल्या टवाळांचा खेळ वाटतो. २०२४ साली अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला. तिथे चेन्नईच्या सतरा वर्षांच्या काझिमाने तीन सुवर्णपदकं मिळवली. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवतात. लोक काय म्हणाले? लोकांनी अभिनंदन केलं. तोपर्यंत मात्र हा खेळ नाक्यावरचाच होता.

आता मजुरीबद्दल, कारण कुणीतरी म्हणालं की मी स्वतः करून एका सुताराची मजुरी बुडवली. खरं सांगू? मी मजुरी बुडवली ती आधी, बोर्ड करायच्या कितीतरी आधी. सहा वर्षांपूर्वी दारं बसवायला एक मिस्तरी आले होते, त्यांच्याशी मी दिवसामागे दोनशे रुपयांची घासाघीस केली होती आणि ती जिंकल्याचं आत्याला फोन करून सांगितलं होतं. यंदा चौकटीचा सांधा दुसऱ्यांदाही जमेना तेव्हा त्याच मिस्तरींना बोलावलं. त्यांनी गुण्या लावला, एका डोळ्याने बघितलं, पटाशीचे चार फटके मारले आणि सांधा बसला. दहा मिनिटं. मी त्यावर दोन शनिवार-रविवार घालवले होते, म्हणून मला त्या दहा मिनिटांची किंमत कळली. त्यांनी सांगितले तेवढे पैसे दिले. घासाघीस करायला तोंडच उघडेना. स्वतः एकदा रंधा मारलेला माणूस सुताराला कमी पैसे देऊच शकत नाही, असा माझा आता दावा आहे. तेव्हा सुतारांचं भलं व्हावं असं वाटत असेल तर त्यांच्या गिऱ्हाइकांना सुतारकी शिकवा!

शेवटी बाबांबद्दल. हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. पण बाबांनीच वाचून "असू दे" म्हटलं.

जुलैमधली गोष्ट. मी गॅलरीत चौकटीच्या पट्टीवर रंधा मारत होते आणि लाकूड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी त्याचे कपचे निघत होते. बाबा आत पेपर वाचत होते. मी पेटी खाली काढल्यापासून त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, एक शब्द नाही. एकदम आतून आवाज आला, "उलट्या रेषेने मारतेयस. पट्टी फिरव." मी फिरवली. तरी नीट जमेना. मग ते उठले, गॅलरीत आले, माझ्या हातातून रंधा घेतला, पातं अंगठ्याने चाचपून बघितलं, हातोडीने मागून दोनदा टकटक केलं आणि एकच हात मारला. कागदासारखी पातळ ढलपी निघाली, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. रंधा माझ्या हातात दिला, हात धुतले आणि परत पेपर उघडून बसले.

माझे बाबा ७९ वर्षांचे आहेत. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यांना रंधा मारता येतो हे मला वयाच्या ४७व्या वर्षी कळलं. दहा वर्षांचे असल्यापासून अण्णांबरोबर दुकानात जात होते म्हणे, दहावीपर्यंत. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं! एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्या घरातलं साधं स्टूलसुद्धा दुरुस्त केलं नाही, मिस्तरी बोलावला आणि तो काम करत असताना दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मला वाटायचं, त्यांना आवाजाचा त्रास होतो.

आत्या, "विकत मिळतो की" ला माझं हेच उत्तर आहे. बोर्ड विकत मिळाला असता. ती ढलपी कुठल्या दुकानात मिळाली असती?

असो. फार झालं. राग आला असेल तर फोन करा, पण रविवारी या. बोर्ड दाराआड उभा करून ठेवलाय, बोरिक पावडरीचा नवा डबा आणलाय आणि भाच्यांनी जोड्या आधीच ठरवल्या आहेत. काका, तुमच्या जोडीला बाबा. आणि हरलात तर बोर्डाला दोष द्यायची पूर्ण मुभा आहे. उजवीकडचा खालचा कोपरा अजूनही किंचित बाहेर आहे, तिथून रिबाउंड मारू नका.